डोंगरीवर घरटं कोण करतं

गोंदियाजवळच्या बिरसीत आमच्या घरावरून दिवसभर विमानं फिरत राहतात. शिकाऊ पोरं चालवतात ती. धावपट्टीवरून उठतात, भाताच्या बांध्यांवरून मोठा वळसा घालतात आणि जिथून उठली तिथंच येऊन टेकतात. मुलानं, मिलिंदनं, इथं घर बांधलं तेव्हा मी त्याला विचारलं होतं की एवढं तेल जाळून ही पोरं जातात तरी कुठं. कुठंच नाही, तो म्हणाला, शिकतात. मला पटलं. मीसुद्धा तरुणपणी बरंच उडून, काही न शिकता, जागेवर येऊन टेकलेली बाई आहे.

सध्या रोवणीचे दिवस आहेत. रोवणी म्हणजे पऱ्हे उपटून चिखलात लावणं. पऱ्हे म्हणजे भाताची रोपं, आणि बांधी म्हणजे बांध घातलेला भाताचा तुकडा. एवढं आधीच सांगून ठेवते, कारण पुण्या-नाशकाकडची माणसं हे शब्द ऐकले की माझ्याकडं म्हाताऱ्या गाईकडं बघावं तसं बघतात. घरापुढच्या छपरीत खुर्ची टाकून बसलं की समोर ट्रॅक्टर चिखल करताना दिसतो. त्याच्या मागं बगळे. छत्तीसगडकडून आणलेल्या बायका पिकअपमधून उतरतात, डोक्यावरून प्लॅस्टिक पांघरतात, ओळीनं वाकतात आणि मागं मागं सरकत जातात. जगातली बहुतेक कामं पुढं जात होतात. रोवणी तेवढी मागं सरकत करायची असते. जे झालं ते डोळ्यांसमोर राहतं आणि पाय कुठं पडणार ते दिसत नाही. माझ्या वयाला शोभेल असं काम आहे, पण आता कंबर ऐकत नाही.

चिखलाचा वास येतो. इथला चिखल काळा, गुळगुळीत, पोटभर जेवलेल्या माणसासारखा. तो वास आला की मला दुसरा चिखल आठवतो, तांबडा, मुरमाड, हाताला चरचरणारा, गंजलेल्या विळ्याचा वास येणारा. डोंगरीवरचा. यंदा माझा जीव तिथल्याच एका बांधीत अडकला होता. माझी थोरली जाऊ, शेवंताबाई, डोंगरीवर एकटी राहत होती. उन्हाळ्यात मिलिंद तिला कायमची इकडं आणायला गेला तेव्हा तिनं त्याच्याशी करार केला. ज्या साली बांधी रोवून होणार नाही त्या साली मी आपण होऊन येईन. ज्या साली होईल त्या साली मले आनाले येऊ नको. मिलिंद हो म्हणून आला. त्याला वाटलं सोपं आहे, म्हातारी किती वर्षं रोवणार.

डोंगरीभोवतीचं आमचं धरण इटियाडोहाच्या धरणाएवढं मोठं नाही. नकाशात शोधायला गेलात तर बोटाच्या पेराखाली झाकून जाईल. पूर्वी खाली गाव होतं आणि आमची, जयभीमवाल्यांची, घरं गावाबाहेर वरच्या उतारावर. पाणी लागत नाही, माती धरत नाही, अशी जागा असते ना, जी कुणालाच नको असते, ती आमच्या आजे-सासऱ्यांच्या वाट्याला आलेली. मग धरण भरलं. गाव बुडालं आणि दुसरीकडं वसलं. आमचं बुडलंच नाही. मोजणीला आलेला माणूस म्हणाला म्हणे, तुमचं तर कोरडं आहे, तुम्हाला कशाला जागा पाहिजे. तर असे चारी बाजूंनी पाणी आणि मधे कोरडे आम्ही. पुस्तकात याला बेट म्हणतात. आम्ही डोंगरीच म्हणत राहिलो, कारण बेटावर राहतो म्हटलं की सोयरे हसत.

मी सून होऊन आले तेव्हा डोंगरीवर तीन चुली होत्या. एक शेवंताबाईची, एक आमची आणि एक चुलत सासऱ्यांच्या घरची. मी दहावीला बसलेली होते. पास नव्हे, बसलेली. पण डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, येताना चपला मांडीवर घेऊन, हातात बंद पडलेलं घड्याळ बांधून अशी काही ताठ बसले होते की शेवंताबाई काठावर दातांना तंबाखूचा गुडाखू घासता घासता थांबली. पचकन थुंकली आणि म्हणाली, "मॅट्रिकवाली आली. वेड लावते आता आमाले." त्या दिवसापासून तिनं मला नावानं हाक मारली नाही. मी तिला बाई म्हणायचे आणि मनातल्या मनात अडाणी म्हणायचे. आरसा दाखवायला घरात आरसाही नव्हता.

नात पल्लवी कॉलेजात पक्ष्यांचं काहीतरी शिकते. परवा जेवताना सांगत होती की बेटावर रानातले कुठले छोटे पक्षी घरटी करतात हे कशावरून ठरतं, याच्यामागं माणसं आयुष्य घालवतात. बेट केवढं, काठापासून किती लांब, झाडं कसली, पाणी आहे का, घुशी-साप किती. मी वरणात भात कालवत होते. म्हटलं, आणि आपल्या जातीचे शेजारी किती. तेही असतं आजी, ती म्हणाली, ते तर फार महत्त्वाचं. मला वाटलं होतं मी काहीतरी नवीन सांगितलं.

पण तिनं विचारलं नव्हतं तरी मला त्या पहिल्या सालची डोंगरी पक्ष्यांसकट दिसायला लागली. शिंपी होता. कुडाला लागून उगवलेल्या उंबराच्या रोपट्याची दोन पानं शिवून त्यानं पिल्लं काढली होती, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर; त्याला डोंगरी काय नि गाव काय, दोन रुंद पानं मिळाली की झालं. शिंजीर होता. छपराच्या बाहेर आलेल्या काडीला कोळ्याच्या जाळ्याचं आणि कचऱ्याचं घरटं लोंबवायचा. मोहाच्या झाडावर बांडगूळ होतं म्हणून फुलटोचा होता. आणि फुलटोच्यानं बी आणून टाकलं म्हणून बांडगूळ होतं. यातलं आधी कोण आलं ते शेवंताबाईला विचारलं तर म्हणाली, आधी सासूबाई आल्या. नाचण होता, शेपटीचा पंखा उघडून उगाच रुसल्यासारखा फिरणारा. आणि रोवणीच्या दिवसांत नवरंग यायचा. कुठं दक्षिणेकडून, किती नद्या आणि किती गावं ओलांडून यायचा आणि उतरायचा कुठं, तर आमच्या बांबूच्या गचपणात. सकाळी आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू यायची. दिसायचा क्वचित. दिसला की वाटायचं लग्नातला कोणी पाहुणा चुकून चिखलात आला.

सातभाई मात्र डोंगरीवर नव्हते. एकही नाही. पाण्यापलीकडं माझं माहेर होतं, डोंगरीवरून दिसणारं. तिथल्या मोहांखाली सातभाईंचा थवा सकाळपासून कलकल करायचा, पाला उलथा-पालथा करायचा, एकमेकांची पिसं साफ करायचा, भांडायचा आणि भांडता भांडता एकाच फांदीवर चिकटून बसायचा. माझं बालपण त्या गोंगाटात गेलं. डोंगरीवर तो गोंगाट नव्हता आणि त्या नसलेल्या आवाजानंच मी रडायचे. लोकांना वाटायचं आईची आठवण येते.

सातभाई उडत नाहीत असं नाही. पण एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं तर आधी एक जातो, मग दुसरा, मग तिसरा, बायका नाला ओलांडतात तसे. उघडं पाणी दिसलं की थवा काठावरच्या शेवटच्या झाडावर थांबतो, ओरडतो आणि मागं फिरतो. नवरंग पार मुलूख ओलांडून येतो आणि सातभाईला एवढंसं पाणी ओलांडवत नाही. अंतर पंखांत नसतंच. ते कुठंतरी दुसरीकडं असतं, आणि ज्याचं त्याचं वेगळं असतं. हे आज कळतं. तेव्हा मॅट्रिकवालीनं वेगळाच शोध लावला होता.

आमच्याकडं सून आपण होऊन कुठं जात नाही. माहेराहून सासरी, सासरहून माहेरी, कोणीतरी आणायला यावं लागतं. कोणी आलं नाही तर ती बोचकं बांधून उंबऱ्याशी बसेल, पण पाऊल टाकणार नाही. मी याच रीतीत वाढलेली. मला वाटलं, सातभाई येत नाहीत कारण त्यांना आणायला कोणी गेलंच नसणार. आज हसू येतं. पण तेव्हा मी हे अगदी न्यायानं मांडलं होतं, बंद पडलेलं घड्याळ मनगटावर फिरवत.

सणाला माहेरी गेले तेव्हा धाकट्या भावाला हाताशी धरून मी टोपली काडीवर टेकवली, खाली तांदूळ टाकले, काडीला दोरी बांधली. दोन सातभाई सापडले. दोनच का, तर जोडा झाला म्हणून. नवं लग्न झालेल्या बाईला सगळं जग जोड्यांनीच चालतं असं वाटत असतं. मग हे, माझे मालक, मला आणायला आले. डोंग्यात टोपली मांडीवर, वर नवं लुगडं झाकलेलं. मी सांगितलं, कोंबडीची पिल्लं आहेत. टोपली सगळी वाट बडबडत होती आणि कोंबडीची पिल्लं तशी बडबडत नाहीत. ह्यांना कळलं होतं. पण लग्नाचं पहिलं साल होतं. पहिल्या साली नवरे बऱ्याच गोष्टी ऐकू न आल्यासारखं करतात.

मी मोठ्या थाटात मोहाखाली टोपली उघडली. दोघे उडून फांदीवर बसले आणि जे गप्प झाले ते गप्पच. शेवंताबाई हात पुसत आली, वर बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"सून आनतात तसा जोडा आनला काय वं?" ती म्हणाली. "थे लोक घरानं राहतात. दोघांनी काय होते? आनाचं होतं तर सारं घर आनाचं होतं."

मी म्हटलं, जोडा आहे, घरटं करतील, अंडी घालतील, पुढच्या साली होईल थवा. ती चुलीकडं गेली.

त्यांनी घरटं केलं नाही. अख्खी रोवणी गेली, कापणी गेली. किडे होते, मोह होता, सावली होती, साप फारसे नव्हते. पल्लवीच्या सगळ्या अटी डोंगरी पुऱ्या करत होती. पण सातभाईंच्यात एक जोडी अंडी घालते आणि बाकीचा सगळा गोतावळा चारतो. काका, आत्या, मागच्या सालची पोरं. कोणीतरी वर बसून पहारा करतं. त्यांना पोटापेक्षा गर्दी लागते. हे दोघे एकमेकांना चिकटून फांदीवर बसायचे, एकमेकांची मान साफ करायचे आणि पलीकडच्या काठाकडं तोंड करून असायचे. मी खाली तांदूळ टाकायचे, ते चिमण्या खायच्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं, काठापासून डोंगरीपर्यंत चिखलाचा एक पट्टा उघडा पडला, आणि एके सकाळी ते दोघे नव्हते. गेले असतील आपल्या मानसांत, शेवंताबाई म्हणाली. मला तो माझा अपमान वाटला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि डोंगरीवर दोन दिवस न बोलायचं म्हणजे तिसरं माणूस शोधायला पाण्यात उतरावं लागतं.

रोवणीचं काम त्या सातभाईंच्या पिल्लांसारखंच आहे. एकट्यादुकट्याचं नाही. पऱ्ह्याला वय असतं. ते टळलं की रोपाला कांड्या धरतात, मग लावलं तरी फुटवा येत नाही, नुसतं हिरवं उभं राहतं. म्हणून चिखल तयार झाला की पटापट लावून व्हायला हवं. तीन चुलींच्या सगळ्या बाया मिळून आज एकीच्या बांधीत, उद्या दुसरीच्या. कोणी कोणाला मजुरी देत नव्हतं. हाताला हात. एक बाई पाळीनं पोरं सांभाळायला बांधावर. मिलिंद झाला त्या साली मी चिखलात आणि तो शेवंताबाईच्या मांडीवर, कारण तिची पाळी नसली तरी ती पाळी मागून घ्यायची. तिला मूल झालं नाही. मिलिंदला तिनं इतकं खाऊ घातलं की तो मला ओळखायचा, पण भूक लागली की तिच्याकडं जायचा. मोठीआई म्हणतो तो तिला. मला नुसती आई.

मग तिसरी चूल गेली. मुलीला मागणी यायची, डोंगरीचं नाव निघालं की पाहुणे चहा पिऊन उठायचे. ते घर कामठीकडं गेलं. दोन चुली उरल्या, म्हणजे रोवणीला अर्ध्या बाया उरल्या, म्हणजे शेवटच्या बांधीचे पऱ्हे दरसाल म्हातारे होऊ लागले. मग आम्ही निघालो. मिलिंदची शाळा होती, पाणी चढलं की महिना-महिना बुडायची. ह्यांना गोंदियात राइस मिलमध्ये काम मिळालं. निघायच्या दिवशी मी शेवंताबाईला म्हटलं, तुम्ही दोघंही चला. ती म्हणाली, "तुमी जाऊन राहिले तं जा. आमी दोघं हावो ना." मी तेव्हा मान हलवली. दोघं आहेत म्हणजे पुरेसं आहे, असं मला पुन्हा एकदा वाटलं. टोपलीतल्या जोड्यानं एकदा शिकवलं तरी बाई शिकली नाही.

दर रोवणीला आम्ही जायचो. चार दिवस, आठ दिवस, कंबर मोडेपर्यंत. मग हे गेले. मग भासरे, शेवंताबाईचे मालक, गेले. मग माझे गुडघे गेले. मिलिंद मजूर घेऊन जायचा, मग मजूर पाण्यापलीकडं यायला नाही म्हणू लागले. शेवंताबाईनं एक एक बांधी सोडली. खालची आधी, जी पाणी चढलं की बुडायची. मग मधली. शेवटी उरली ती घराला लागून असलेली एक, छोटी, अंगणाएवढी.

एक गोष्ट बोलायला बरी वाटत नाही, पण खरी आहे. माणसं कमी झाली तसे डोंगरीवर पक्षी वाढले. चुली होत्या तेव्हा वाळकं लाकूड झाडावर टिकत नव्हतं, आम्ही तोडून जाळायचो. एक चूल उरली तशी वाळक्या फांद्या उभ्या राहू लागल्या आणि तांबट आला, टुक टुक करत त्यात बीळ कोरून पिल्लं काढू लागला. त्याची बिळं जुनी झाली तेव्हा दयाळ त्यात बसला. मधली बांधी पडीत पडली, तिच्यात गवत नि झुडपं माजली, तिथं वटवट्या आला. पल्लवी मागच्या साली एकदा डोंगरीवर जाऊन आली तेव्हा केवढी खूश होती. म्हणाली, आजी, एवढ्याशा जागेत इतके घरटी करतात. मी विचारलं, चिमण्या? ती आठवून म्हणाली, नाही दिसल्या. चिमणीला रान नको, उंबरा लागतो, सांडलेला दाणा लागतो, छपराला भोक लागतं. एका म्हातारीचा दाणा किती सांडणार. पल्लवीच्या हिशोबानं डोंगरी सुधारली. पोरगी चुकत नव्हती.

यंदा शेवंताबाईनं मासेमारीवाल्या ढिवराच्या हाती निरोप धाडला, पऱ्हे तयार आहेत, चिखल झाला, हात धाडा. चिखल त्यानंच कुदळीनं करून दिला होता. मी समोरच्या बांधीतल्या ठेकेदाराला बोलावलं. चांगला माणूस, चहा प्यायला. पाण्याचं नाव काढलं तशी कपबशी खाली ठेवली. "माँजी, रोड के बाजू का काम बोलो. पानी के उस पार कोई नहीं जाएगी, सीझन चालू है." मी म्हटलं, छोटी बांधी आहे, अर्ध्या दिवसाचं काम. तो म्हणाला, वही तो, अर्ध्या दिवसासाठी पूर्ण दिवस जातो. बरोबर होतं त्याचं. मिलिंद ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि दुःखाच्या खाली सुटका होती. माझ्याही होती. शेवंताबाई इथं येणार, छपरीत दुसरी खुर्ची लागणार, मला टोमणे मारायला माणूस मिळणार. मी किती वर्षं या घरात नुसती आदरानं वागवली जाते आहे. त्याचा कंटाळा तुम्हाला कळणार नाही.

तरी मी गेले. पल्लवीला घेऊन. मदतीला गेले की बांधी होत नाही ना हे बघायला गेले, मलाच ठाऊक नाही. ढिवरानं डोंग्यात हात धरून बसवलं. पाणी चढलेलं, राखाडी, त्यात बुडालेल्या झाडांचे शेंडे काळे. शेवंताबाई काठावर उभी होती. उंच बाई होती ती. आता विळ्यासारखी झाली आहे. जयभीम झाला. मग तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हेच हात धाडले काय मिलिंदनं?" ती म्हणाली.

आम्ही तिघी बांधीत उतरलो. पल्लवीला जमेना, रोपं तिच्या बोटांतून वर यायची आणि तरंगायची. मी उलट्या टोपल्यावर बसून लावत होते आणि टोपलं मागं ओढत होते. चिखलात बसलेली म्हातारी, बगळेसुद्धा लांबून बघत होते. शेवंताबाई मात्र वाकली की वाकलेलीच असायची, तिला सरळ व्हायचंच नव्हतं. तिच्या हाताला अजून ती लय होती, अंगठा रोवायचा, सुटायचा, रोवायचा. मधे मान वळवून म्हणाली, मॅट्रिकवालीची लाइन अजूनबी तिरपीच. बांबूत नवरंग शीळ घालत होता. पल्लवी दर वेळी डोकं वर करायची आणि हातातले पऱ्हे सांडायची.

दुपार झाली. एक कोपरा झाला होता. हिरवा, तिरपा, चटईएवढा. बाकीचा सगळा चिखल तसाच आरशासारखा, त्यात ढग. पल्लवीची पाठ धरली, ती बांधावर आडवी झाली. मी टोपल्यावरून उठायला गेले तर उठवेना, शेवंताबाईनं हात दिला आणि आम्ही दोघी धरून धरून उभ्या राहिलो. तिनं बांधीकडं बघितलं.

"पुरे झालं," ती म्हणाली.

आणि इथं मला काय झालं माहीत नाही. जी बाई ही बांधी होऊ नये म्हणून मनातल्या मनात खुर्च्या मांडत होती, तीच मी तिच्या कानाशी लागले. म्हटलं, बाई, मिलिंदला सांगू, झाली म्हणून. मी सांगते. पोरगी पण सांगेल. तो काय बघायला येतो आहे. त्याला तिथून काय दिसतं.

"त्याले नाही दिसत," शेवंताबाई म्हणाली. "मले दिसते."

मग ती पाण्याच्या काठाला जाऊन पाय धुऊ लागली. बोटांच्या बेचक्यांतून तांबडा चिखल काढत बसली, अगदी सावकाश, जसं काही दुसऱ्या कुणाचे पाय आहेत. मला वाटलं होतं रडेल. ती विचारत होती की बिरसीत पाणी नळाचं आहे का.

नेण्यासारखं फार नव्हतं. भिंतीवरच्या दोन तसबिरी तिनं लुगड्यात गुंडाळल्या. गुडाखूची डबी. एक पितळी गडवा, मिलिंदला ज्यातून दूध पाजायची तो. चुलीतली राख काढून बाहेर टाकली. का, ते मी विचारलं नाही, सवय असेल. दार ओढायला मी गेले तर नको म्हणाली, लावून कोणाले अडवाचं. डोंग्यात ती आधी बसली. डोंगा वळला तेव्हा पल्लवी मागं बघत होती, मी मागं बघत होते, ढिवरही बघत होता. शेवंताबाई ज्या काठाला जायचं होतं तिकडं तोंड करून होती.

मागं घराशेजारी पऱ्ह्याचा वाफा दिसत होता. त्यातली ओंजळभर रोपंच आम्ही उपटली होती. बाकीची तशीच दाट, एकमेकांना रेटत उभी. रोवलेलं भात आधी पिवळं पडतं, मग हळूहळू जीव धरतं. न उपटलेला पऱ्हा मात्र कधी पिवळा पडत नाही. सगळ्या शिवारात तोच हिरवागार दिसतो आणि त्याला लोंब येत नाही.

आता ती इथं आहे. छपरीत दोन खुर्च्या आहेत. मला वाटलं होतं तसे टोमणे ती मारत नाही. सकाळी उठते, अंगण झाडते, झाडून झालेलं पुन्हा झाडते. समोर बायका रोवत असतात, तिकडं बघत नाही. सून तिला ताटात वाढते तेव्हा म्हणते, भरपूर झालं बापा, आणि अर्धं ठेवते. काल मी मुद्दाम म्हटलं, बाई, मॅट्रिकवालीला एखादी शिवी तरी द्या. ती हसली. हसली म्हणजे ओठ हलले. मिलिंद घरात आला की तिचं तोंड जरा उघडतं. त्याच्या ताटात काय वाढलंय ते बघते.

काल संध्याकाळी तिकडच्या ढिवराचा मिलिंदला फोन आला होता. मासळीचं काहीतरी काम होतं. बोलता बोलता तो म्हणाला, काठावरून लोक बघतात, डोंगरीवर हिरवंगार दिसून राहिलं, बोलतात की म्हातारीनं यंदाही रोवलंच. मिलिंदला बरं वाटलं. तिलाही बरं वाटेल म्हणून तो छपरीत आला, तिच्या खुर्चीशी वाकला आणि मोठ्यानं सांगितलं, मोठीआई, लोक म्हणतात डोंगरी हिरवी दिसते.

शेवंताबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या शर्टाला लागलेला कसलासा कण बोटानं काढला.

"थो पऱ्हा होय बाबू," ती म्हणाली. "कोनी उपटला नाही, म्हनून हिरवा दिसते."